ठेवणीचं अंडं

शाळूची कणसं खळ्यावर आली की आमच्या वस्तीवर अंड्यांचे दिवस सुरू होतात. पौषात कोंबड्या अंग फुगवून उन्हाला बसलेल्या असतात. तुरे फिकट, चाल मंद, आठवड्यात एखादं अंडं मिळालं तर मिळालं. मग माघ सरत येतो, पाटणकडच्या डोंगरउतारांवर पळस आणि पांगारा पेटतात आणि एका सकाळी लक्षात येतं की सगळ्यांच्या तुऱ्यांत लाली भरली आहे. गेल्या पावसाळ्याआधी निघालेल्या तलंगा अस्वस्थ होतात. दाणे टाकले तरी दोन वेचून पुढं जातात, घरात शिरतात, पोत्यांच्या मागं, चुलीशेजारच्या लाकडांत, रिकाम्या पाटीत डोकावतात, घशातल्या घशात काहीतरी बोलत राहतात. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं काम न थांबवता सांगतात, "तिनं जागा बघायला काढली गं. आडवी जाऊ नगंस."

जागा बघायला तिला बराच वेळ लागतो. आम्ही कितीही चांगली पाटी भुसकट घालून कोपऱ्यात मांडली, तरी ती आधी चार ठिकाणी बसून पाहते, पायानं जमीन उकरते, छातीनं खळगा करते, उठते, परत येते. पहिलटकरणीचं हे सगळं मला फार गंभीर वाटतं. तिच्या अंगात काय चाललं आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही आणि तरी त्यासाठी अंधारी, कोरडी, पाठीशी आडोसा असलेली जागा हवी हे तिला ठाऊक असतं.

हे सगळं होतं ते उजेडामुळं. दिवस मोठा व्हायला लागला की कोंबडीच्या मेंदूतून संप्रेरकं सुटतात आणि महिनोन्‌महिने निजलेला बीजांडकोश जागा होतो. उजेड तिला नुसता डोळ्यांनी कळतो असंही नाही. १९३०च्या दशकात फ्रान्समधले शास्त्रज्ञ झाक बन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं, की डोळ्यांची वाट बंद असली तरी कवटीतून आत झिरपलेला उजेड मेंदूपर्यंत पोचतो आणि पक्ष्याचं शरीर विणीच्या हंगामाला लागतं. पातळ हाडाच्या त्या एवढ्याशा डोक्यातून फाल्गुनाचं ऊन आत उतरतं, ही गोष्ट वाचल्यापासून अंगणात उन्हाला उभ्या राहिलेल्या कोंबडीकडे मी वेगळ्या नजरेनं बघते.

पण आपल्याकडं हा उजेडाचा फरक थोडा. सातारा जिल्ह्यात हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि उन्हाळ्यातला मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आतबाहेर. लंडनमध्ये हाच दिवस आठ तासांहून कमी ते साडेसोळा तासांहून जास्त इतका बदलतो. तिकडं कोंबडी हिवाळ्यात जवळजवळ बंदच पडते आणि वसंतात एकदम सुरू होते. आमच्या कोंबड्यांचा वसंत दोन पायांवर चालतो, एक उजेड आणि दुसरं खळं. शाळू, हरभरा, गहू यांची मळणी होते, दाणा सांडतो, कडब्याखाली किडे सापडतात, उकिरडा उपसला जातो. पोटभर दाणा आणि किड्यांतलं सत्त्व मिळाल्याखेरीज नुसत्या उजेडावर अंडं होत नाही. आणि दुसऱ्या बाजूनं वैशाखाची झळ येऊन थांबलेलीच असते. ऊन फार झालं की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कर्बवायू कमी होतो, कवचाला लागणारा चुना नीट बसत नाही आणि अंडं पातळ सालीचं निघतं. म्हणजे खरे भराचे दिवस फाल्गुन आणि चैत्र, एवढेच.

खळ्याशी कोंबडीचं नातं किती जुनं असावं? थायलंडमध्ये बान नॉन वाट नावाच्या जागी सापडलेली कोंबड्यांची हाडं इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली आहेत, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटलं आहे. त्या संशोधकांच्या मते भाताची आणि भरडधान्याची शेती माणसानं सुरू केली आणि त्या दाण्यापायी रानातला तांबडा कोंबडा झाडावरून वस्तीत उतरला. म्हणजे कुणी जाळं लावून तिला माणसात आणली असं म्हणण्यापेक्षा, ती दाण्याच्या मागं स्वतः आली. मला हे पटतं. मळणीच्या दिवसांत खळ्याच्या कडेला उभं राहिलं की ते डोळ्यांदेखत घडताना दिसतं. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा मात्र अजून रानातच आहे. याच दिवसांत, पहाटे, ओढ्यापलीकडच्या झाडीतून त्याची तुटक बांग येते आणि आमचा कोंबडा खुराड्यातून तिला उत्तर देतो. ते दोघं अगदी परके नाहीत. घरच्या कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला आहे, असं २००८ मध्ये उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना आढळलं. आमच्या पिवळीचे पाय हळदीत बुडवल्यासारखे आहेत. त्यातली हळद ओढ्यापलीकडची आहे म्हणायची.

अंडं कसं होतं हे मी शाळेत शिकले होते, पण कळलं ते रोज अंडी गोळा करायला लागल्यावर. पिवळा बलक तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. तो सुटला की पुढचा प्रवास चोवीस ते सव्वीस तासांचा. त्यातले वीसेक तास निव्वळ कवच चढण्यात जातात. दिवसाच्या चोवीस तासांत हे नेमकं बसत नाही, म्हणून आज सकाळी आठला घातलेलं अंडं उद्या नऊ-साडेनऊला येतं, परवा अकराला, तेरवा दुपार कलल्यावर, आणि मग एक दिवस खाडा. आत्यांना हे घड्याळाशिवाय माहीत असतं. "तुरेवाली आज खाडा करणार," असं त्या सकाळीच सांगतात आणि संध्याकाळी पाटी रिकामी निघते.

एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि कवच चढतं ते बहुतेक रात्री, जेव्हा कोंबडी काही खात नाही. पोटात चुना शिल्लक नसेल तर ती आपल्या हाडांतून काढून देते. हे कळल्यावर, दिवस मावळताना कोंबड्या घराच्या जुन्या भिंतीचा चुना का टोचतात, याचा उलगडा झाला. आत्या अंड्यांची टरफलं फेकत नाहीत. चुलीच्या निखाऱ्यावर भाजून, चुरून अगदी भुगा करतात आणि संध्याकाळच्या दाण्यात मिसळतात. भुगा करायचा कारण टरफल ओळखू आलं तर कोंबडीला अंडं फोडून खायची खोड लागते. आपल्या हाडांतून उधार घेऊन जी देते तिला तिचं निदान थोडं तरी परत जावं, असं मला ते मिसळताना वाटतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. अंडी गोळा करणं म्हणजे पाटीत हात घालणं आणि असतील तेवढी उचलणं, असं मी लग्न होऊन आले तेव्हा समजत होते. आत्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "समदी काढायची न्हाईत. येक ऱ्हाऊ दे." त्या एका अंड्यावर त्या कोळशाची रेघ ओढतात, म्हणजे रोजच्या ताज्यात ते मिसळू नये. रोज नवं अंडं उचलायचं आणि रेघेचं तिथंच ठेवायचं. हे ठेवणीचं अंडं. ते पाटीत असलं की कोंबडी त्याच जागी परत येते. ते नसलं की तिला वाटतं इथं काही टिकत नाही, आणि ती बांधाच्या करवंदीत नाहीतर कडब्याच्या गंजीत जाऊन गुपचूप घालायला लागते, जिथं ते मुंगसाच्या तोंडी जातं.

त्यामागं कोंबडीच्या जातीचाच स्वभाव आहे. काही पक्षी ठरावीक अंडी घालतात आणि थांबतात, मग तुम्ही ती काढा की ठेवा. कोंबडी तशी नाही. तिच्यापुढं अंडी साठत गेली की थांबायची वेळ झाली हे तिला कळतं. साठू दिली नाहीत तर ती घालत राहते. रानातली कोंबडी पाच-सहा अंड्यांवर बसते. आमची गावरान कोंबडी बारा-पंधरा घालते आणि मग बसायला बघते. हे तिला कसं कळतं असं मी एकदा आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला मोजता येत न्हाई गं. पर पोटाला कळतंय." आणि खरंच ते पोटालाच कळतं. अंड्यांचा स्पर्श पोटाखालच्या कातडीला होतो, त्यानं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, नवी बीजं पिकायची थांबतात, पोटावरची पिसं गळून कातडी उघडी आणि ऊन होते. कोंबडी खुडूक होते.

म्हणजे किती अंडी उचलायची आणि किती ठेवायची, यावर कोंबडीचं पुढचं सगळं ठरतं, आणि ते ठरवणारा हात घरातल्या बाईचा असतो. एक ठेवलं तर अंडी मिळत राहतील. सात-आठ ठेवली तर पिल्लं मिळतील. अंडी म्हणजे आज हातात येणारे पैसे. गावरान अंडं बाजारात फार्मच्या अंड्याहून दुपटीनं जातं, त्याचा भाव कुठल्या समितीच्या रोजच्या दरपत्रकात नसतो, दारात ठरतो. आणि हा पैसा आमच्याकडं बाईचाच मानतात, बाप्यामाणसं त्याचा हिशेब विचारत नाहीत. आत्यांनी त्यातून मुलांच्या वह्या घेतल्या, चष्मा केला, एका भाच्याच्या लग्नात स्वतःच्या नावानं आहेर केला. पिल्लं म्हणजे पुढच्या वर्षीची अंडी. हा हिशेब दर फाल्गुनात नव्यानं मांडावा लागतो. त्यात नुसता व्यवहार नसतो. एखादी कोंबडी बसायला इतकी आसुसलेली असते की तिच्याखालून अंडी काढताना हाताला जड जातं.

खुडूक कोंबडीची आठवण काढली की मला तिची नजर आठवते. ती पाटीत चपटी होऊन पसरते, हात जवळ नेला की पिसं फुलवते, घशातून खरखरीत आवाज काढते, आणि डोळे कुठंतरी लांब लागलेले असतात. काही घरांत तिचं खुडूकपण मोडायला तिला पाण्यात बुडवतात, म्हणजे अंग गार होऊन ती परत घालायला लागावी. आत्या तसं करू देत नाहीत. बसवायची नसेल तर तिला अंधाऱ्या कोपऱ्यातून उचलून दोन-चार दिवस उजेडात, वारं लागेल अशा जागी डालग्याखाली ठेवतात आणि दाणापाणी देतात. ती आपणहून निवते.

बसवायची असेल तर मात्र थाट असतो. अंडी ताजी, आठवड्याच्या आतली, मध्यम, नितळ, आकारानं सारखी निवडायची. उन्हाळा चढल्यावर जुनी अंडी घेऊन चालत नाही, कारण वीस-एकवीस अंशांच्या वर अंड्यातला अंकुर अर्धवट वाढायला लागतो आणि कोंबडी बसेपर्यंत मरून जातो. म्हणून आमच्याकडं ओल्या वाळूत मडकं रोवून त्यात अंडी ठेवतात. आत्या विषम आकडाच घेतात, नऊ, अकरा नाहीतर तेरा. पाटीच्या तळाशी राख, वर भुसकट, एका कडेला लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा. चैत्रातल्या वळवाच्या गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून तो खिळा. खिळ्यानं काय होतं असं मी कधी विचारलं नाही. राखेनं उवा लागत नाहीत, हे मात्र मी पाहिलेलं आहे. कोंबडीला बसवायचं ते रात्री. अंधारात हलवलेली कोंबडी नवी जागा सहज मानते.

पुढचे एकवीस दिवस ती जवळजवळ उपाशी असते. दिवसातून एकदा उठते, घाईघाईनं दाणे गिळते, पाणी पिते, धुळीत एकदा लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. बाकी वेळ चोचीनं अंडी फिरवत राहते, कडेची आत घेते, आतली कडेला सरकवते. सातव्या रात्री मी मोबाईलच्या उजेडावर अंडी धरून पाहते. ज्यात जीव धरला त्यात तांबड्या रेषांचं जाळं दिसतं. उरलेली काढून टाकायची, नाहीतर ती नासून फुटतात आणि चांगल्यांना घाण लागते. विसाव्या दिवशी अंड्यांतून आवाज यायला लागतो. पिल्लू अजून आत, आणि आई वरून हळू घुमत उत्तर देते. कवच फुटण्याआधी त्यांची ओळख झालेली असते. पिल्लू बाहेर येतं ते पोटात बलकाची शिदोरी घेऊन, दोन-तीन दिवस त्याला दाण्याची गरज पडत नाही. म्हणून तर उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांब धाडता येतात.

आमच्या तालुक्याबाहेर अंड्यांची मोठी फार्म आहेत, त्यातलं एक मी आतून पाहिलं आहे. पिंजऱ्यांच्या लांबच लांब रांगा, पंख पसरता येणार नाहीत एवढ्या जागेत पांढऱ्या कोंबड्या. दिवे लावून दिवस सोळा तासांचा केलेला, म्हणजे तिथं पौष कधी येतच नाही. ती कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, आमची साठ-सत्तर. कामगारांनी सगळं मोकळेपणानं दाखवलं, स्वच्छता होती, पाणी होतं. त्या अंड्यांना मी नावं ठेवणार नाही. शहरातल्या वसतिगृहात माझ्या मुलीनं तीच खाल्ली आणि ज्या घरात मटण-मासे परवडत नाहीत, तिथल्या लेकरांच्या पोटात तीच जातात. पण पिंजऱ्याची तळजाळी पुढच्या बाजूला उतरती असते. अंडं पडलं की घरंगळत बाहेरच्या पन्हळीत जातं. कोंबडी मागं वळेपर्यंत तिच्याजवळ काही नसतं. आयुष्यभर तिच्यापुढं एकाला दुसरं जोडून अंडं साठत नाही. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्या जातीतून खुडूक होणंच जवळपास काढून टाकलं आहे. उजेडाचा तास वाढवला, दाणा मोजून दिला, चुना दिला, हे सारं मला समजतं. ठेवणीचं एक अंडंसुद्धा नाही, हे मात्र तिथून आल्यावर कित्येक दिवस मनातून जाईना.

परसातल्या कोंबड्यांचं सगळं सुखाचं असतं असं मानणाऱ्यानं मानमोडीचं वर्ष पाहिलेलं नसतं. राणीखेत असं त्या रोगाचं नाव कागदावर, कुमाऊंच्या डोंगरातल्या गावावरून पडलेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला तो येतो, हिरवी शीट, लुळे पडलेले पंख, पाठीकडं मुरगळलेली मान, आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं. लस आहे, आणि ती चांगली आहे. अडचण अशी, की लसीच्या कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, एकदा पाण्यात कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घरानं ती कशी आणायची? आमच्या वस्तीवर बायकांनी वाट काढली. एक संध्याकाळ ठरवायची, कोंबड्या खुराड्यात गेल्या की थर्मास घेऊन घराघरांत फिरायचं, एकीनं कोंबडी धरायची, दुसरीनं डोळ्यात थेंब टाकायचा. पैसे वाटून घ्यायचे. गावोगावी हे का होत नाही, असं मला नेहमी वाटतं. ग्रामपंचायतीच्या सभेत हा विषय निघावा एवढा तो नक्कीच मोठा आहे.

ही रीत बसण्याआधीच्या एका वर्षी आमचं खुराडं पुरतं रिकामं झालं होतं. खुराडं शेणानं सारवून, चुना मारून उन्हात उघडं टाकलं. पुन्हा सुरुवात झाली ती ओढ्याकडच्या काकूंनी दिलेल्या अंड्यांवर. त्यांच्याकडं रोग पोचला नव्हता. अंडी त्यांची, खुडूक कोंबडी आणखी तिसऱ्या घरची. आज आमच्या अंगणात फिरणारी काळी, पिवळी, तुरेवाली, साऱ्या त्या अंड्यांच्या लेकी आणि नाती. आमच्याकडून पुढं तशीच अंडी आणखी दोन-तीन घरांत गेली आहेत. जातीची नोंद कुठल्या वहीत नाही, पण कुणाची कोंबडी कुणाच्या घरून आली हे वस्तीवरच्या प्रत्येक बाईला सांगता येतं.

यंदा काळी अकरा अंड्यांवर बसली आहे. पिवळीनं पाटी सोडून गंजीत घालायला सुरुवात केली होती, ती जागा परवा सापडली. बहुतेक ताजी, आठवड्याच्या आतली. मुलं सुट्टीला आली आहेत, त्यांना अंड्याची पोळी द्यायची होती, दुकानदारानंही विचारून ठेवलं होतं. तेवढ्यात ओढ्याकडच्या काकू आल्या. मागच्या महिन्यात मुंगसानं त्यांची चांगली कोंबडी नेली, उरलेली खुडूक होऊन रिकाम्या पाटीत बसली आहे. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. आम्ही एक अंडं रेघ ओढून पिवळीच्या पाटीत परत ठेवलं, दोन मुलांसाठी काढली आणि पाच भुसकटात बांधून काकूंच्या हातात दिली. जगली तर दिवाळीपर्यंत त्यातली एक तलंग आमच्याकडं यायची, असं ठरलं.